कंधमालची बातमी कुठे थांबली? ख्रिस्ती समाजावरचे हल्ले आणि आपली माध्यमं

रातपाळी

इथल्याच एका धाग्यावर नायजेरियावरून जुंपली होती. एकाचं म्हणणं, ख्रिस्ती मारले जातात तेव्हा मीडिया मूग गिळून बसतो. दुसऱ्याचं म्हणणं, उलट त्यांच्याच बातम्या जगभर जातात, बाकीच्यांना कोण विचारतो. मला दोन्ही पटलं नाही. का, ते सांगायला नायजेरियापर्यंत जायची गरज नाही, ओडिशातलं कंधमाल पुरेसं आहे. २००८ साली मी एका मराठी दैनिकात डेस्कवर होते आणि या बातम्या रात्री एजन्सीवरून येताना बघत होते.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २३ ऑगस्ट २००८, जन्माष्टमी. जलेशपटा इथल्या आश्रमात विश्व हिंदू परिषदेचे स्वामी लक्ष्मणानंद सरस्वती आणि त्यांच्याबरोबरचे चौघे गोळ्या घालून मारले गेले. हा माओवाद्यांचा हल्ला असावा असं पोलीस लगेच म्हणाले, पण जिल्ह्यात खापर फुटलं ख्रिस्ती लोकांवर. स्वामींची अंत्ययात्रा जलेशपट्याहून चकापादच्या आश्रमाकडे गावागावांतून गेली आणि वस्त्या पेटत गेल्या. सरकारी हिशेबात ३९ मृत्यू, चर्चच्या संघटनांच्या हिशेबात शंभरच्या आसपास. पन्नास हजारांवर माणसं आधी जंगलात आणि मग छावण्यांत. हजारो घरं गेली, दोनशेच्या वर प्रार्थनास्थळं गेली. पंतप्रधान मनमोहन सिंग त्याच आठवड्यात म्हणाले की ही देशाला लाज आणणारी गोष्ट आहे. गृहमंत्री होते आपले लातूरचे शिवराज पाटील.

बातमी आली नाही असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. पहिले काही दिवस ती पहिल्या पानावर होती. पण ती कशी येत होती ते बघा. कॉपीवर, म्हणजे बातमीच्या मजकुरावर, डेटलाइन (बातमी जिथून पाठवली ते ठिकाण) बहुतेकदा भुवनेश्वरची. दंगल चाललेली रायकिया, टिकाबाली, जी. उदयगिरी, के. नुआगाव इथे, म्हणजे भुवनेश्वरहून दोनशे किलोमीटर आत, डोंगरात. रस्त्यांवर झाडं पाडलेली, संचारबंदी लागलेली. मग कॉपीत काय असणार? 'परिस्थिती तणावपूर्ण पण नियंत्रणात', जिल्हाधिकाऱ्यांचं एक वाक्य, पोलीस महासंचालकांचं एक वाक्य, शेवटी मृतांचा आकडा. जंगलात लपलेल्या माणसाचं एकही वाक्य नाही. अशी कॉपी तीन दिवस लागते. चौथ्या दिवशी आकडा बदलला नसेल तर ती आतल्या पानावर सिंगल कॉलम होते, आणि पाचव्या दिवशी जाहिरात आली की पडते.

त्यात ते महिने आठवा. बिहारमध्ये कोसीचा पूर, सिंगूरचा वाद, २९ सप्टेंबरला मालेगावचा स्फोट, ऑक्टोबरमध्ये रेल्वेभरतीचं आंदोलन आणि राज ठाकरेंची अटक, मग २६ नोव्हेंबर. यातली एकही बातमी लहान नव्हती, त्या छापल्या म्हणून तक्रार नाही. पण २६/११ नंतर कंधमाल आमच्या पानांवरून उतरलं ते उतरलंच. छावण्या तेव्हा भरलेल्या होत्या. परत गावी यायचं तर आधी धर्म सोडा, अशा अटी गावोगाव घातल्या जात होत्या. हे आम्ही छापलं नाही.

के. नुआगावमधल्या ननवरच्या बलात्काराचंच घ्या. गुन्हा २५ ऑगस्टचा, तक्रार लगेच नोंदलेली. देशभर बातमी व्हायला सप्टेंबर संपला. पाच आठवडे एका पोलीस ठाण्याच्या कागदांत हा गुन्हा पडून होता. २४ ऑक्टोबरला ती स्वतः दिल्लीत चेहरा झाकून पत्रकारांसमोर बसली, पोलिसांवर विश्वास नाही म्हणाली आणि सीबीआय चौकशी मागितली, तेव्हा कुठे कॅमेरे आले. पीडितेलाच समोर यावं लागलं. वार्ताहर तिच्यापर्यंत गेला नव्हता.

मला म्हणायचंय ते इतकंच: हल्ल्याच्या दिवशी माध्यमं येतात. हल्ल्यानंतरची दहा-पंधरा वर्षं, जिथे खरा छळ असतो, तिथे ती नसतात. आणि त्या रिकाम्या जागेत मग दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड शिरतात.

गिरीजची पोर

रातपाळी, धन्यवाद. वसईत आम्हाला कंधमाल पेपरातून कळलं नाही, देवळात, म्हणजे चर्चमध्ये कळलं. रविवारच्या मिस्सानंतर (सामूहिक उपासनेनंतर) फादरांनी सांगितलं, निधी गोळा झाला, कपडे गेले. आमच्याकडच्या 'सुवार्ता' मासिकात लेख आले. मी तेव्हा कॉलेजात होते. माझ्या वर्गातल्या मुलींना कंधमाल हा शब्दही माहीत नव्हता, आणि त्या रोज पेपर वाचणाऱ्या घरांतल्या होत्या. एकाच गावात राहून आम्ही दोन वेगवेगळ्या बातम्यांच्या जगात होतो.

अजून एक. कटक-भुवनेश्वरचे तेव्हाचे आर्चबिशप राफाएल चीनाथ यांनी कंधमालच्या पीडितांसाठी सुप्रीम कोर्टात लढा दिला. २ ऑगस्ट २०१६ ला निकाल लागला आणि १४ ऑगस्टला ते मुंबईत वारले. आपल्या मुंबईत! किती मराठी वाचकांना हे माहीत आहे?

सडेतोड

धागा चांगला आहे, पण सुरुवातीलाच एक खटकलं. स्वामीजींच्या हत्येला तुम्ही दोन ओळी दिल्या आणि पुढे गेलात. ऐंशी ओलांडलेला संन्यासी, चार दशकं आदिवासी भागात शाळा चालवलेला, मुलींच्या आश्रमात जन्माष्टमीच्या दिवशी मारला जातो. डिसेंबर २००७ मध्येही त्यांच्यावर हल्ला झालेला होता. त्याबद्दल राष्ट्रीय माध्यमांनी किती पानं खर्च केली? इंग्रजी चॅनलांनी हत्येला 'पार्श्वभूमी' करून टाकलं. माझ्या ओळखीत वनवासी कल्याण आश्रमाचं काम केलेले लोक आहेत, त्यांचा हा सल खोटा नाही. पीडितांची निवड करून कळवळा दाखवायचा असेल तर मग तुमच्यात आणि फॉरवर्डवाल्यांत फरक काय?

रातपाळी

सडेतोड, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तो पुरता मांडायला हवा. स्वामींच्या खुनाचा पाठपुरावाही तसाच अर्धवट राहिला. ऑक्टोबर २००८ मध्ये माओवादी नेता सव्यसाची पांडा यानं जबाबदारी उघड घेतली. २०१३ मध्ये कंधमालमधल्या फुलबाणीच्या कोर्टानं सात स्थानिक ख्रिस्ती माणसांना त्याच खुनासाठी जन्मठेप दिली. त्यांतले बहुतेक गरीब, काही निरक्षर. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना जामीन दिला, आधी एकाला मे महिन्यात, मग वर्षअखेरपर्यंत बाकीच्यांना. तोवर तुरुंगात दहा वर्षं गेली होती. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हेही खरं. पण मग स्वामींना नक्की कोणी मारलं, कट कोणाचा होता, हा प्रश्न त्यांच्या भक्तांसाठीही तितकाच उघडा आहे ना? एकानंही नेमानं मागे लागून ते लिहिलं असतं तर त्याचा उपयोग तुमच्या ओळखीच्या कार्यकर्त्यांना झाला असता आणि त्या सात कुटुंबांनाही. मी एकाची बातमी काढून दुसऱ्याला द्या असं म्हणत नाहीये.

आणि डिसेंबर २००७ चा उल्लेख तुम्ही केलात ते बरं झालं. त्या नाताळात कंधमालमध्ये मोठी दंगल झाली होती, ब्राह्मणीगाव, बालिगुडा, दारिंगबाडी भागात चर्च आणि घरं जळली. हिंदूंचीही काही घरं जळली. पण २७ डिसेंबरला रावळपिंडीत बेनझीर भुत्तोंची हत्या झाली आणि जगातल्या प्रत्येक डेस्कवरची पानं त्याच रात्री बदलली. पुढचे आठ महिने कोणी कंधमालकडे वळून बघितलं नाही. त्या आठ महिन्यांत एखाद्या वार्ताहरानं जाऊन नुसतं एवढं लिहिलं असतं की तिथली शांतता वरवरची आहे, तर ऑगस्टमध्ये बंदोबस्त वेळेवर पोचला असता का? माझ्या मते शक्यता होती.

मंडळीतला

मी नगरचा. आमची चौथी पिढी ख्रिस्ती, आजोबा पाळक. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये नगरहून निघालं, म्हणजे मराठी पत्रकारितेच्या अगदी सुरुवातीपासून आम्ही या भाषेत छापतोय, वाचतोय. तरी मराठी पेपरात आम्ही दोनदाच दिसतो: नाताळला केकच्या फोटोत आणि धर्मांतराच्या आरोपात.

जवळून पाहिलेलं सांगतो. आमच्या नात्यातल्या एका बाईंच्या घरी दर बुधवारी प्रार्थना असायची. दहा-बारा बायका, एक पेटी, गीतांची जुनी पुस्तकं, शेवटी चहा. एका संध्याकाळी पंधरा-वीस पोरं दारात आली, मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, पुस्तकं अंगणात फेकली. पोलीस आले आणि बायकांनाच ठाण्यात नेलं. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक दैनिकात तीन कॉलमी बातमी: 'धर्मांतराचा डाव उधळला'. त्या पोरांच्या म्होरक्याचं म्हणणं होतं, पोलीस निरीक्षकाचं होतं. घर ज्यांचं त्या बाईंना फोनसुद्धा केलेला नाही. फोटोत त्यांचा चेहरा मात्र स्वच्छ दिसत होता. पुढे त्या प्रकरणात काहीच निघालं नाही, गुन्हाही दाखल झाला नाही. ती बातमी आली नाही. त्यांच्या मुलाचं जमलेलं लग्न मात्र त्या कात्रणावरून मोडलं.

म्हणून मला 'मीडियानं दखल घ्यावी' असं मागायचीही भीती वाटते. आमच्याकडे दखल घेतली जाते ती अशी.

गिरीजची पोर

मंडळीतला, वाचून गलबलून आलं. त्या बाई आता कशा आहेत?

मंडळीतला

बऱ्या आहेत. प्रार्थना अजून होते, पण चर्चमध्ये, घरी नाही.

आकडेमोड

नायजेरियाच्या धाग्यावर मीच वाद घातला होता, त्यामुळे इथे लिहितो. 'दर पाच मिनिटांनी एक ख्रिस्ती धर्मासाठी मारला जातो', 'वर्षाला एक लाख हुतात्मे' हे आकडे अनेक वर्षं जगभर फिरले, बिशपांच्या भाषणांत आले, वृत्तपत्रांत आले. २०१३ मध्ये बीबीसीनं त्या आकड्याचं मूळ शोधलं. अमेरिकेतल्या एका अभ्यासकेंद्रानं दहा वर्षांत दहा लाख असा अंदाज काढलेला होता आणि त्यातले सुमारे नऊ लाख काँगोच्या यादवी युद्धात मेलेले लोक होते. काँगोत मारणारे आणि मरणारे दोघेही बहुतांश ख्रिस्ती. ते मृत्यू भयंकरच, पण त्यांना धर्मासाठी झालेला छळ म्हणणं कठीण.

मला राग येतो तो यासाठी की फुगवलेला आकडा उघडा पडला की त्याच्या आडून खरी प्रकरणंही झटकता येतात. ५ जून २०२२ ला नायजेरियातल्या ओवो शहरात सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये पेंटेकॉस्ट सणाच्या मिस्साला हल्ला झाला, चाळीसच्या आसपास माणसं गेली. २०२३ च्या नाताळात प्लॅटो राज्यात बोक्कोस आणि बार्किन लाडी भागातली गावं एकामागून एक मारली गेली. याला कोणी फुगवायची गरज नाही. त्याच नायजेरियात बोको हराममुळे मेलेल्या मुसलमानांची संख्याही प्रचंड आहे, मशिदींत स्फोट झालेत. दोन्ही एकत्र सांगता येतं. पण २०२५ च्या शेवटी अमेरिकेच्या अध्यक्षांनी नायजेरियाचं नाव घेतलं आणि एका आठवड्यात सगळं जग तज्ज्ञ झालं. बोक्कोसमधली माणसं तेव्हा दोन वर्षं विस्थापित होती. वॉशिंग्टनमधून कोणी बोललं तरच राजधानी अबुजातला वार्ताहर गाडीत बसणार असेल, तर ती बातमी अमेरिकेची झाली, नायजेरियाची नव्हे.

मस्कतवासी

आकडेमोड यांच्याशी सहमत. इथे आमच्या साइटवर एक इजिप्शियन फोरमन होता, मिन्या प्रांतातला, कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातला. मनगटाच्या आतल्या बाजूला छोटा क्रूस गोंदलेला, त्यांच्यात लहानपणीच गोंदतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर २१ जणांना मारल्याचा व्हिडिओ आला. त्यातले २० इजिप्तचे कॉप्टिक मजूर, बरेचसे मिन्यातल्याच अल-और गावचे, आणि एक घानाचा. आमच्या फोरमनच्या गावापासून ते फार लांब नाही. तो आठवडाभर कोणाशी बोलला नाही. मग एकदा जेवताना म्हणाला, सगळ्या जगानं व्हिडिओतले त्यांचे नारिंगी कपडे पाहिले, पण ही पोरं लिबियात सिर्तला का गेली होती हे कोणी विचारलं का? बांधकामावर गेली होती, घरी पैसे पाठवायला, जसा मी इथे आलोय.

ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. आम्ही कोकणातले इथे तेच करतो. डिसेंबर-जानेवारीत त्यांना पळवून नेलं तेव्हा त्यांच्या घरच्यांनी कैरोत निदर्शनं केली होती, हाक मारली होती. तेव्हा लक्ष दिलं गेलं नाही. व्हिडिओ आल्यावर दुसऱ्या दिवशी विमानं बॉम्ब टाकून आली. त्यांचे अवशेष गावी पोचायला मे २०१८ उजाडला, ती बातमी मला त्या फोरमननंच दाखवली. मराठीत कुठे वाचल्याचं आठवत नाही.

परखड_पुणेकर

सगळं एकतर्फी चाललंय. धर्मांतरासाठी परदेशातून येणाऱ्या पैशावर एक शब्द नाही. काश्मिरी पंडितांवर धागा काढा की. बांगलादेशवर काढा. यांचं पितळ उघडं पाडायला...

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादातला शेवटचा भाग व्यक्तिगत शेरेबाजीमुळे काढला आहे. विषयाला धरून लिहावे.

रातपाळी

परखड_पुणेकर, काढा ना धागा, मी पहिली प्रतिसाद देईन. पंडितांच्या बाबतीतही हेच झालं. १९९० चा जानेवारी अधूनमधून आठवला जातो, जम्मूच्या छावण्यांतल्या तंबूत वाढलेल्या मुलांची पुढची वीस वर्षं कोणी नोंदवली?

पैशाचं म्हणाल तर तो चौकशीचा विषय आहे, परकीय देणग्यांसाठी कायदा आहे, हिशेब तपासावेत. ओडिशात १९६७ पासून धर्मांतराविषयीचा कायदाही आहे, देशात सगळ्यात जुन्यांपैकी. म्हणजे तक्रारीला दार होतं. त्या आरोपाचं उत्तर म्हणून एखाद्या म्हातारीचं घर जाळता येत नाही.

मेधा_म

स्टेन्स प्रकरण कोणीच काढलं नाही म्हणून लिहिते. जानेवारी १९९९, ओडिशातलं मनोहरपूर. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा आणि सहा वर्षांची, गाडीत झोपलेली असताना जाळली. ती बातमी जगभर गेली आणि जायलाच हवी होती. बारीपद्यात कुष्ठरुग्णांचं काम करणारा माणूस, त्याच्या पत्नीनं मारेकऱ्यांना क्षमा केली आणि नंतरही ती काही वर्षं तिथेच राहिली.

पण स्टेन्स यांना जाळणाऱ्या दारा सिंगनं त्याच वर्षी आणखी दोन खून केले. ऑगस्टमध्ये शेख रहमान नावाचा व्यापारी आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला फादर अरुळ दास. फादर मयूरभंजमधल्या जामबनी गावात रात्री आदिवासींच्या नाचाच्या कार्यक्रमाला आले होते, त्यांना बाण मारला. ही नावं इथे किती जणांनी ऐकली होती? ऑस्ट्रेलियन पासपोर्ट नसलेल्या माणसाच्या मरणाला किती कॉलम मिळतात, याचा हिशेब त्या एका वर्षात मिळतो.

आणि एक प्रसंग माध्यमांच्या बाजूनं. २१ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं दारा सिंगची जन्मठेप कायम केली, पण निकालपत्रात अशी एक टिप्पणी होती की स्टेन्सना त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल धडा शिकवायचा हेतू होता. संपादकांनी आणि नागरिकांनी निवेदन काढून हरकत घेतली, वृत्तपत्रांनी ते लावून धरलं. चार दिवसांत कोर्टानं स्वतःहून तो मजकूर बदलला. म्हणजे लावून धरलं की होतं.

दुपारचा चहा

मेधाताई, अरुळ दास हे नाव आज पहिल्यांदा वाचलं. +१.

एक शंका. कंधमाल हे मुळात कंध आदिवासी आणि पाण दलित यांच्यातलं जमिनीचं आणि आरक्षणाचं भांडण होतं, त्याला धार्मिक रंग दिला गेला, असं मी तेव्हा वाचलं होतं. मग याला धार्मिक छळ म्हणणं बरोबर आहे का? मणिपूरबद्दलही हेच ऐकतो.

रातपाळी

चांगला प्रश्न. भांडण होतं, नक्की होतं. पाण समाज अनुसूचित जातीत. त्यातले बरेच ख्रिस्ती झाले, आणि राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. पाण लोक कुई भाषा बोलतात म्हणून आम्हालाही जमातीत घ्या ही मागणी होती, त्याला कंध समाजाचा कडवा विरोध होता. जमिनीचे वादही होते. हे सगळं २००७ च्या आधीपासून धुमसत होतं, आणि ते समजून न घेता दिल्लीहून आलेल्या चॅनलांनी सरळ 'हिंदू विरुद्ध ख्रिस्ती' असं मांडलं, तेही अपुरं.

पण आता दुसरी बाजू बघा. जे कंध ख्रिस्ती होते, म्हणजे जमातीतलेच, त्यांचीही घरं जळली. हिंदू पाणांची घरं पुष्कळ ठिकाणी शाबूत राहिली. घरी परत यायची अट जमिनीची नव्हती, धर्म सोडायची होती. दंगल कंधमालपुरती राहिली नाही, बरगडमध्ये पदमपूरच्या अनाथाश्रमात एका तरुणीला जाळून मारलं, तिथे कंध-पाण वाद नव्हता. पहिल्या दिवशी सगळ्या एजन्सींनी ती नन असल्याचं दिलं. ती नन नव्हती, मुलांना सांभाळणारी, हिंदू घरातली मुलगी होती. दुरुस्ती आली, पण पहिली बातमी जितक्या ठिकाणी छापली गेली तितक्या ठिकाणी दुरुस्ती छापली गेली नाही.

मणिपूरमध्येही मूळ संघर्ष मैतेई आणि कुकी-झो यांच्यातला आहे हे खरं, पण मैतेई ख्रिस्तींची चर्चही इम्फाळ खोऱ्यात जळली, आणि देवळंही जळली. ४ मे २०२३ ला दोन बायकांची विटंबना झाली, इंटरनेट बंद होतं, देशाला ते १९ जुलैला व्हिडिओतून कळलं. पुन्हा तेच. एडिटर्स गिल्ड या संपादकांच्या संघटनेची माणसं जाऊन आली, तिथल्या माध्यमांच्या वार्तांकनावर अहवाल दिला, तर त्यांच्यावरच गुन्हे दाखल झाले, सुप्रीम कोर्टाला संरक्षण द्यावं लागलं.

सडेतोड

रातपाळी, स्वामींच्या प्रकरणावरचं तुमचं उत्तर वाचलं. सात जणांच्या जामिनाची बातमी मला खरंच माहीत नव्हती. माझं मत बदललं असं म्हणत नाही, धर्मांतराबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे. पण मंडळीतला यांनी लिहिलंय तसं एका बाजूचं विचारून छापणं चूक, मग बाजू कोणतीही असो. चौकशी आयोग नेमले होते ना, त्यांचं काय झालं?

रातपाळी

दोन आयोग होते, एक २००७ च्या दंगलीवर न्या. बासुदेव पाणिग्राही यांचा, दुसरा २००८ वर आधी न्या. महापात्र आणि ते वारल्यावर न्या. नायडू यांचा. दोन्ही अहवाल २०१५ मध्ये सरकारकडे गेले. विधानसभेत ते वर्षानुवर्षं मांडलेच गेले नाहीत. स्वामींच्या खुनाबद्दल आणि दंगलीबद्दल त्यांत काय आहे हे तुम्हालाही जाणून घ्यायचंय, मलाही. इथे आपण दोघे एकाच बाजूला आहोत.

त्याआधी ऑगस्ट २०१० मध्ये दिल्लीत एक लोकन्यायाधिकरण बसलं होतं, अध्यक्ष दिल्ली हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश अजित प्रकाश शहा, आपले सोलापूरचे. कंधमालहून लोक येऊन त्यांच्यासमोर बोलले. ती साक्ष वाचण्यासारखी आहे.

आकडेमोड

२०१६ च्या निकालातले आकडे आहेत का कोणाकडे?

रातपाळी

आहेत. ८२७ गुन्हे नोंदले गेले. ५१२ मध्ये आरोपपत्र, ३१५ मध्ये पोलिसांनी फाइल बंद केली. ज्या ३६२ खटल्यांचा निकाल लागला त्यांतल्या फक्त ७८ मध्ये शिक्षा. सरन्यायाधीश ठाकूर आणि न्या. लळीत यांच्या खंडपीठानं सांगितलं की ३१५ प्रकरणं बंद होणं फार झालं, पुन्हा बघा. मृतांच्या वारसांना आणखी तीन लाख, पूर्ण पडलेल्या घराला आणखी सत्तर हजार द्या असंही सांगितलं. त्या ३१५ चं पुढे काय झालं यावर एक सलग बातमी मला कुठल्याही मराठी दैनिकात सापडलेली नाही. आज मराठीत कंधमाल शोधलं की हळदीचं भौगोलिक मानांकन येतं, २०१९ चं, आणि दारिंगबाडीच्या थंड हवेच्या सहली येतात. हळद उत्तम आहे, जरूर घ्या. पण ती पिकवणाऱ्यांत छावणीतून परतलेलेही आहेत.

गिरीजची पोर

मी 'सुवार्ता'चे २००८-०९ चे अंक शोधते, आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) वाचनालयात बांधलेले खंड असतील. कोणी नगर किंवा पुण्यातल्या वाचनालयात त्याच महिन्यांच्या मराठी दैनिकांच्या फाइली बघू शकेल का? ऑगस्ट ते डिसेंबर २००८ पुरे. कुठल्या दिवशी, कुठल्या पानावर, किती कॉलम, कोणाचं म्हणणं, एवढंच टिपायचं.

मंडळीतला

नगरचं मी बघतो.

सडेतोड

पुण्याचं माझ्याकडे. स्वामीजींच्या हत्येच्या बातम्याही टिपेन, त्या वगळायच्या नाहीत.

रातपाळी

वगळायच्या नाहीतच. २४ ऑगस्टच्या अंकापासून सुरू करा, आणि २००७ चे २५ ते ३१ डिसेंबरही घ्या. मी निकालपत्राचा मराठी सारांश करून वेगळ्या धाग्यावर टाकते.